रेडिओलहरी आणि देहोष्मा
१. रेडिओलहरींनी रक्त ‘जळते’ हे लेखकाचे विधान अतिशयोक्त समजावे. वस्तुतः अँटेनातून निघालेल्या लहरीचे विद्युत्क्षेत्र सेकंदास कोट्यवधी वेळा दिशा पालटते, तेव्हा ऊतींतील पाण्याचे रेणू त्यामागोमाग वळू पाहतात, क्षारांचे आयन मागेपुढे ओढले जातात, आणि या खटाटोपात खर्ची पडलेली ऊर्जा उष्णतारूपाने उरते. ती वाहून नेण्याचे काम रक्ताभिसरणाच्या जिम्मे असते. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्याच नसल्याने तेथे ती सहजी निघून जात नाही, व मोतीबिंदूची धास्ती प्रबळ लहरींच्या संदर्भात आहे ती यामुळेच. संबंध देहाने किलोग्रॅमला सुमारे ४ वॅट शोषले तर तापमान अदमासे १ अंश चढते. भारत सरकारने मोबाइलसाठी २०१२ साली मुक्रर केलेली किलोग्रॅमला १.६ वॅटची मर्यादा मात्र एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीची असल्याने या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे गैर होय. — संपादक