मुंबईचा श्वानदंगा आणि त्यानंतर

शाळेच्या फाटकासमोर एके दिवशीं भर दुपारीं एक भटका कुत्रा मोटारीखालीं सांपडला. मोटार निघून गेली. कुत्र्याचा मागचा पाय चिरडला होता, आणि पुढच्या दोन पायांवर अंग ओढीत तो गटाराच्या कडेस जाऊन पडला. माझ्या वर्गांतील चार मुलें धांवत आलीं व म्हणालीं, “गुरुजी, ह्याला आता कुठे न्यायचं?” मीं सारा जन्म मुलांस इतिहास शिकविला; परंतु ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. अखेर एका हातगाडीवाल्यास विनवून, गोणपाटांत गुंडाळून, तें जनावर आम्हीं परळच्या इस्पितळांत पोंचविलें. त्या रात्रीं मनांत आलें, कीं ज्यास मालक नाहीं, ज्याची कोणी चौकशी करणार नाहीं, अशा जखमी कुत्र्यास नेण्याजोगी जागा ह्या शहरांत मुळीं झालीच कशी?

श्रोतेहो, तिचें मूळ एका दंग्यांत आहे, हें ऐकून आपणांस नवल वाटेल.

मुंबईंत उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याचा सरकारी प्रघात इ. स. १८१३ पासून होता. १८३२ सालीं अधिकाऱ्यांनीं ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली, आणि दर कुत्र्यामागें आठ आणे इनाम ठेवलें. आठ आण्यांची रक्कम त्या काळीं लहान नव्हे. इनामाच्या लोभानें जें होतें तेंच झालें. मारेकऱ्यांस मोकाट कुत्रा व पाळलेला कुत्रा ह्यांतील भेद दिसेनासा झाला, आणि लोकांच्या आवारांत शिरून कुत्रे ओढून नेल्याच्या तक्रारी येऊं लागल्या. ६ जून रोजीं पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशीं कोटांत कुत्रे मारीत फिरणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांवर सुमारें दोनशें लोकांचा जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद झाला. पारश्यांबरोबर हिंदु व जैनहि त्यांत होते. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी सामग्री लोकांनीं अडविली, तेव्हां मात्र सरकारचे डोळे उघडले. फौज बोलाविण्यांत आली, जमावबंदीचा कायदा वाचून दाखविण्यांत आला, व धरपकड झाली. मुंबईच्या इतिहासांत ह्यास ‘श्वानदंगा’ असें नांव पडलें आहे.

कुत्र्यासारख्या क्षुद्र गणल्या जाणाऱ्या प्राण्याकरितां व्यापारी लोकांनीं दुकानें बंद ठेवून कंपनी सरकाराशीं वैर कां पत्करावें? पारश्यांच्या धर्मांत कुत्र्याचें स्थान फार वरचें आहे. मृत देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा त्यांचा ‘सगदीद’ नांवाचा विधि प्रसिद्ध आहे. त्यांच्या ‘वेंदिदाद’ ह्या ग्रंथांत कुत्र्यास वाईट अन्न घालणें हा अपराध मानिला आहे. इतकेंच नव्हे, तर जो कुत्रा न भुंकतां चावूं लागला, म्हणजे ज्याची शुद्ध हरपली, त्याच्या गळ्यांत लांकडी पट्टा अडकवून त्यास बांधून ठेवावें, व एखाद्या धर्मनिष्ठ माणसाच्या आजारांत करावा तसाच उपचार त्याच्यावर करावा, अशी आज्ञा आहे. वाटेंत विणाऱ्या कुत्रीचा सांभाळ कोणी करावा, ह्याचाहि निवाडा त्यांत सांपडतो. जखमी कुत्रा कोणाचा, हा जो प्रश्न आपण आज हात झटकून टाळतों, तो त्या पुरातन शास्त्रकारांनीं टाळला नाहीं.

आपल्याकडेहि ह्या भावनेचें बीज नव्हतें असें नाहीं. महाभारताच्या आरंभींच निरपराधी कुत्र्यास मारल्याबद्दल त्याची आई सरमा जनमेजयास जाब विचारते. आणि भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव महाराज तर घरोघर ठाऊक आहेत. परंतु भूतदया कथेंत असणें निराळें व संस्थेंत असणें निराळें. संस्थेच्या बाबतींत गुजराथ आपल्यापुढें होता, हें कबूल केलें पाहिजे. राल्फ फिच नांवाचा इंग्रज प्रवासी १५८३ सालीं लंडनहून निघून हिंदुस्थानांत आला. खंबायत येथें लंगड्या कुत्र्यामांजरांकरितां व पक्ष्यांकरितां इस्पितळें आहेत, असें त्यानें आश्चर्यानें नमूद केलें आहे.

तीच परंपरा मुंबईस आली. दंग्यानंतर शहरांतील वजनदार गृहस्थांनीं अर्ज केले, व कुत्रे मारण्याऐवजीं ते पकडून शहराबाहेर न्यावे असें ठरलें. परंतु न्यावयाचे कोठें? ह्या अडचणींतून १८३४ सालीं भुलेश्वरास पांजरापोळ उभी राहिली. तिच्या संस्थापकांत जमशेटजी जिजीभाई हे पारशी व शेठ मोतीशहा हे जैन, असे दोघेहि होते. चीनशीं अफूचा व्यापार करून मिळविलेल्या द्रव्यांतून हें दयेचें कार्य घडलें, ही गोष्ट मीं वर्गांत सांगितली कीं मुलें हंसत. परंतु माणसाचें अंतःकरण हें एकाच रंगाचें नसतें, आणि इतिहास शिकविणाऱ्यानें तें झांकूंहि नये.

पांजरापोळीनें जीव वांचविला. परंतु जीव वांचविणें आणि जखम बरी करणें ह्यांत अंतर आहे. पोळीचें व्रत न मारण्याचें होतें, वैद्यकीचें नव्हतें. मोडक्या पायाचें जनावर तेथें अन्न खाऊन, वेदना सोशीत, आपोआप मरेपर्यंत पडून राही, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला, व तो निराधार होता असें म्हणवत नाहीं. ही उणीव भरून काढण्यास आणखी अर्धें शतक लागलें. १८७४ सालीं मुंबईंत प्राण्यांवरील निर्दयता थांबविणारी मंडळी स्थापन झाली. आणि त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं दिनशा माणेकजी पेटीट ह्यांच्या देणगींतून, त्यांच्या पत्नीच्या नांवानें, परळास बाई साकरबाई दिनशा पेटीट जनावरांचें इस्पितळ उभें राहिलें. १८८६ सालीं शेजारीं पशुवैद्यकाचें विद्यालय सुरू झालें. हाड बसविणारा हात आणि तो तयार करणारी शाळा अशा रीतीनें एकत्र आलीं. आमची हातगाडी ज्या दारांत थांबली, तें दार हेंच.

येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि ऐकिलें पाहिजे. १८३२ सालचे अधिकारी केवळ क्रूर होते असें नाहीं. पिसाळलेला कुत्रा चावून जलसंत्रास झाला म्हणजे माणूस मरणार, हें ठरलेलें; त्यावर जगांत कोठेंहि उपाय नव्हता. पाश्चर ह्यांनीं पहिल्या मुलास लस टोंचली ती १८८५ च्या जुलैंत, आणि आपल्या देशांत कसौलीची पाश्चर संस्था निघाली ती १९०० सालीं. ज्याच्या घरांत असा मृत्यु घडला आहे, त्यास कुत्र्याबद्दल कळवळा बाळग असें सांगणें सोपें नाहीं.

ह्याच भयापोटीं १९२६ सालीं अहमदाबादेंत मोठा वाद माजला. अंबालाल साराभाई ह्या गिरणीमालकांनीं आवारांतील सुमारें साठ कुत्रे मारविले, आणि महात्मा गांधींनीं त्यांची बाजू घेतली. अहिंसेच्या उपासकाकडून ही अपेक्षा नसल्यामुळें संतप्त पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींनीं लेखामागून लेख लिहून उत्तरें दिलीं. बेवारशी कुत्रा ही समाजाची लाज आहे. त्यास तुकडा टाकून पुण्य जोडणारा मनुष्य दया करीत नाहीं, तर आपल्या मनाचें समाधान करून घेतो. खरी दया असेल तर कुत्रा पाळा अथवा त्याची व्यवस्था करणारी संस्था चालवा, असा त्यांचा रोख होता. साठ जीव मारण्याचा निर्णय मला आजहि पटत नाहीं. परंतु तुकड्याविषयींचे त्यांचे बोल मात्र माझ्या जिव्हारीं लागले; कारण फाटकाजवळच्या त्या कुत्र्यास मींहि कित्येक महिने डब्यांतील उरलेली पोळी टाकीत होतों, आणि तो चिरडला तेव्हां त्यास कोठें न्यावें हें मला ठाऊक नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्या प्रयत्नास यश येऊन १९६० सालीं नवा कायदा झाला. पण त्या कायद्यांतहि मोकाट कुत्रे मारण्यास सूट होतीच, व मुंबईंत नगरपालिकेचें तें काम १९९४ पर्यंत चाललें. दीडशें वर्षें मारूनहि कुत्रे संपले नव्हते. उकिरडे होते तोंवर रिकाम्या झालेल्या जागीं नवे येत. मद्रासेंतील ‘ब्लू क्रॉस’ ह्या संस्थेनें निराळी वाट दाखविली होती : कुत्रा पकडावा, त्याची संतति थांबविणारी शस्त्रक्रिया करावी, लस टोंचावी, व जेथून आणला तेथें सोडावा. २००१ सालीं ह्याच पद्धतीचे नियम साऱ्या देशाकरितां झाले, व २०२३ सालीं ते सुधारून पुन्हा काढण्यांत आले. वाद तरीहि मिटला नाहीं. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीकडील सारे भटके कुत्रे उचलून आश्रयस्थानांत ठेवण्याचा हुकूम दिला, व ११ दिवसांतच, २२ ऑगस्टला, मोठ्या पीठानें तो बदलून लस टोंचलेले निरोगी कुत्रे परत सोडण्यास सांगितलें. पुढें नोव्हेंबरांत शाळा, इस्पितळें, रेल्वेस्थानकें अशा जागांपुरता पुन्हा निराळा आदेश झाला. न्यावयाचे कोठें, हा १८३२ चा प्रश्न १९३ वर्षांनीं दिल्लीच्या न्यायासनापुढें जसाच्या तसा उभा राहिला होता.

आमच्या कुत्र्याचा पाय वांचला नाहीं. तो कापावा लागला. तीन आठवड्यांनीं मुलें त्यास परत घेऊन आलीं. इतिहासाच्या तासाचा परिणाम म्हणा, त्यांनीं त्याचें नांव तैमूर ठेविलें. शाळेच्या शिपायानें आधीं काठी उगारली. मग महिनाभरानें तोच त्यास आपल्या खोलीच्या पायरीवर निजूं देऊं लागला. दिवाळीच्या सुटींत तैमूरच्या जेवणाची व पट्टी बदलण्याची पाळी कोणाची, यावरून वर्गांत भांडण झालें, तेव्हां मीं फळ्यावर तारखा व नांवें मांडून दिलीं. शेवटची तारीख माझ्या नांवावर होती.