लग्नपत्रिका, छापखाना आणि सरकार

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. सुपा हे जुने ठाणे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे नावही पालटले. परंतु बाजारकुणंगसारखी रानातील गावे, कॅसलरॉकचे रेल्वे स्थानक आणि पश्चिमेकडे गोव्यात उतरणारा घाट ही आपापल्या जागी आहेत. डिसेंबर १९६१ पर्यंत हा घाटमाथा म्हणजे दोन राजवटींची सरहद्द होती. गोव्याकडे निघालेल्या उतारूला घाट उतरण्यापूर्वी कॅसलरॉकला आणि उतरल्यावर कुळ्याला आपली ट्रंक उघडून दाखवावी लागे. ती तपासणी सामानाची. गोव्यात राहणाऱ्याला आणखी एका तपासणीस सामोरे जावे लागे, ती छापील शब्दाची.

या दुसऱ्या तपासणीचे जे उदाहरण गोमंतकीय मंडळी हटकून देतात, ते लग्नपत्रिकेचे आहे. सालाझारच्या राजवटीत घरच्या लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे. कुलस्वामीचे नाव, वधूवरांची नावे, मुहूर्त आणि 'अगत्य येण्याचे करावे' एवढ्या मजकुरात राजद्रोह तो कोठून येणार? सरकारलाही ते ठाऊक असलेच पाहिजे. पण निरुपद्रवी कागददेखील दाखविल्याशिवाय छापायचा नाही, ही सवय एकदा छापखान्याच्या हाडीमाशी खिळली, म्हणजे उपद्रवी कागद घेऊन येणाऱ्याला छापखानेवाला स्वतःच दारातून परत पाठवितो. लिहिणारे हजारो, त्यांच्या मागे किती शिपाई लावणार? छापणारे मोजके. त्यांना धाकात ठेवले की काम भागते.

इतिहासाचा विनोद असा की, भारतातील पहिला छापखाना याच गोव्यात, १५५६ साली, जेझुइट धर्मगुरूंच्या सेंट पॉल विद्यालयात उभा राहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. परंतु १६८४ साली व्हाइसरॉयने लोकांच्या भाषेवरच बंदीचे फर्मान काढले, छपाई तर त्याच्या आधीच थांबत आली होती. त्यानंतर गोव्यात पुन्हा यंत्र फिरले ते १८२१ साली, सरकारी गॅझेटासाठी.

१९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, तेव्हा गोव्यातील वृत्तपत्रांना थोडा मोकळा श्वास मिळाला. मराठीतही पत्रे निघाली. पोर्तुगीज भाषेत लुईस दि मिनेझिस ब्रागांझा यांच्यासारखा निर्भीड संपादक पुढे आला. परंतु २८ मे १९२६ रोजी लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला आणि मुद्रणापूर्वीची तपासणी सुरू झाली. १९३२ साली सालाझार पंतप्रधान झाले व पुढच्याच वर्षी त्यांनी या तपासणीला कायद्याचे पक्के रूप दिले. पोर्तुगीज वृत्तपत्रांवर 'सेन्सॉरने पाहिले' अशा अर्थाची ओळ छापलेली असे. ब्रागांझा यांनी १९२८ साली काढलेले 'प्रकाश' हे पत्र १९३७ साली बंद पडले. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावला बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांनी नेमकी हीच बाजू धरली होती: सभा भरविण्याचा आणि बोलण्याचा नागरिकांचा हक्क.

घाटावरची राजवट याहून शहाणी होती असे मानण्याचे मात्र कारण नाही. तिची रीत निराळी होती एवढेच. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी खास कायदा केला. इंग्रजी पत्रांना त्यातून वगळले होते. मॅजिस्ट्रेटने मुद्रकाकडून व प्रकाशकाकडून हमीपत्र लिहून घ्यावे, जामीन मागावा, मजकूर आक्षेपार्ह ठरल्यास तो जप्त करावा, आणि कोर्टात दाद मागण्याची सोय नसावी. ही कटकट नको असेल त्याने मजकूर आधी सरकारला दाखवावा, अशीही वाट ठेवली होती. म्हणजे गोव्यात पुढे जी सक्ती झाली, ती येथे सवलत म्हणून देऊ केली होती! लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत हा कायदा रद्द झाला, पण जामिनाची कल्पना मेली नाही. १९१० च्या प्रेस ॲक्टने नव्या छापखान्याच्या चालकाकडून ५०० ते २,००० रुपये जामीन मागण्याचा अधिकार घेतला. तो एकदा जप्त झाला म्हणजे पुढची रक्कम १,००० ते १०,००० रुपयांपर्यंत. त्या काळच्या गावोगावच्या लहान छापखान्याचा सारा संसारही याहून कमी किमतीचा असे.

१८९७ सालचा लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला सर्वांना ठाऊक आहे. त्या खटल्यात टिळकांच्या शेजारी दुसरा एक आरोपी उभा होता, त्याची आठवण क्वचितच निघते. ते होते मुद्रक केशव महादेव बाळ. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. बाळ निर्दोष सुटले. अग्रलेख लिहिणाऱ्याची छाती मोठी असू शकते. खिळे जुळविणाऱ्याच्या घरीही तेवढीच छाती असावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, आणि सरकारला ते पक्के माहीत असते.

म्हणूनच कॅसलरॉकच्या जंगलात जे घडले त्याचे महत्त्व विशेष आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली. गोव्याच्या आत छापील शब्दाला वाट नव्हती, आता बाहेरून कागद नेणेही दुष्कर झाले. त्या वेळी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या तरुण कार्यकर्त्यांनी हवेतून वाट काढली. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र कोकणी व पोर्तुगीज भाषांत बोलू लागले. पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात हलविण्यात आले. सुपा तालुका १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तरी केंद्राचे काम अखंड चालू राहिले. श्वापदांच्या आणि पावसाच्या संगतीत या दोघांनी सुमारे सहा वर्षे काढली आणि गोव्यातील वृत्तपत्रे जे सांगू शकत नव्हती ते ऐकविले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा याच दोघांनी विमानातून ती वार्ता लोकांना दिली. पुढे त्यांचा विवाह झाला. सरदेसाई यांना १९९२ साली आणि लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

या केंद्राला छापखानेवाला नव्हता. जामीन मागावा असा कोणी मधला मनुष्यच पोर्तुगीज सरकारच्या हाती लागत नव्हता, आणि त्याच्या सेन्सॉरला त्यापुढे काही इलाज उरला नाही.

इंटरनेट आले तेव्हा पुष्कळांना वाटले की आता प्रत्येकाच्या हाती असेच एक केंद्र आले. वरवर पाहता ते खरेही होते. लग्नपत्रिका आज व्हॉट्सॲपवरून पाचशे घरी जाते आणि ती कोणी तपासत नाही. पण रानातले यंत्र सरदेसाई-लोबो यांच्या ताब्यात होते. आजचे यंत्र कंपनीच्या मालकीचे आहे. कायद्याच्या भाषेत तिला 'मध्यस्थ' म्हणतात. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला जबाबदार धरू नये, असे संरक्षण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने त्याला दिले आहे, पण काही अटींवर. जुन्या जामिनाचेच हे नवे रूप आहे: पैसे आधी ठेवून घेत नाहीत, संरक्षण काढून घेण्याचा धाक मात्र कायम असतो.

आरंभी सरकारने थेट लिहिणाऱ्यालाच पकडून पाहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्यांना पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६-अ हे कलम होते. त्यानुसार 'त्रास' किंवा 'गैरसोय' पोहोचविण्याच्या हेतूने पाठविलेल्या खोट्या संदेशालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्यानंतरही पोलीस ठाण्यांतून त्याच मृत कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. इतके की २०२२ साली न्यायालयाला ते थांबविण्याचा पुन्हा हुकूम द्यावा लागला. सरकारी दप्तरात कायदा मरायला फार वेळ लागतो.

नियमनाची गरजच नाही असे कोणी म्हणू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या गोसाव्यांना ठार मारले. अफवा मोबाईलवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास अटकाव केला. राईनपाड्याच्या त्या पाच जणांच्या घरच्यांपुढे भाषणस्वातंत्र्याचे गोडवे गाण्याची कोणाची छाती होणार नाही. प्रश्न आहे तो हा की, खोटे व घातक काय हे कोणी ठरवावे, आणि ज्याचा मजकूर पुसला जातो त्याला ते कळावे की नाही.

२५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना भारतात राहणारा एक जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले. कंपनीने आवश्यक दक्षता घेतली नाही तर खटला त्याच्यावर होऊ शकतो. केशव महादेव बाळ यांची खुर्ची अशी पुन्हा मांडली गेली. सरकारी आदेश मिळाल्यापासून मजकूर काढण्यास या नियमांनी ३६ तास दिले होते. राष्ट्राची सुरक्षा इत्यादी कारणांवरून मजकूर रोखण्याचे आदेश २००९ च्या नियमांनुसार गोपनीय ठेवले जातात. लिहिणाऱ्याला आपला शब्द कोणी व का पुसला हे पुष्कळदा समजतच नाही. टिळकांना निदान आरोपपत्र मिळाले होते!

६ एप्रिल २०२३ रोजी सरकार आणखी एक पाऊल पुढे गेले. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी कोणता मजकूर खोटा हे सरकारनेच नेमलेल्या पथकाने ठरवावे, आणि तो ठेवणाऱ्या मध्यस्थाने संरक्षण गमावण्याचा धोका पत्करावा, असा तो नियम होता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियमाविरुद्ध मत दिले व तो रद्द झाला. फिर्यादी स्वतःच न्यायाधीश होऊ पाहतो, ही हरकत त्या खटल्यात महत्त्वाची होती, आणि ती १८७८ साली जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

कर्नाटकात वारे उलट दिशेने वाहिले. सरकारी खात्यांनी कंपन्यांना मजकूर काढण्याच्या सूचना पाठवाव्यात यासाठी केंद्राने 'सहयोग' नावाची व्यवस्था उभी केली. तिला एक्स कंपनीने आव्हान दिले. २०१५ चा निकाल जुन्या नियमांच्या संदर्भातला होता, तो २०२१ च्या नियमांना तसाच लावता येणार नाही, असे सांगून कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी याचिका फेटाळली.

पोर्तुगीज गेले, जकातीचे नाके उठले. तरी बाजारकुणंगसह सारा जोयडा तालुका आज कर्नाटक उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आहे आणि घाट उतरले की मुंबई उच्च न्यायालयाची हद्द लागते.