नौबत : एका वाद्यनामाचा इतिहास

‘उपासमारीची नौबत आली’ असे वाक्य वारासिवनीच्या मराठी घरांतून सहज बोलले जाते. पुण्याकडील पाहुण्यास ते हिंदीच्या सहवासाने आलेले वाटते, आणि आपल्यापैकी काहीजण संकोचाने ‘पाळी आली’ अशी दुरुस्तीही करून घेतात. हा संकोच कितपत योग्य आहे, हे शब्दाच्या इतिहासावरूनच ठरविणे बरे.

अरबी भाषेत ‘नौबत’ म्हणजे पाळी, खेप. फारसीच्या द्वारे हा शब्द हिंदुस्थानात आला. राजद्वारी ठराविक वेळी वाद्ये वाजविण्याच्या प्रघातास हे नाव मिळाले आणि पुढे ते त्या वादनातील मोठ्या नगाऱ्यासही लागू झाले. ‘नगारा’ हा शब्दही अरबी ‘नक्कारा’वरूनच आला, परंतु त्याच्या मुळाशी आघाताची कल्पना आहे, तर ‘नौबती’च्या मुळाशी वेळेची. अकबराच्या नगारखान्याचे वर्णन करताना अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त नगाऱ्यांच्या सुमारे वीस जोड्यांचा उल्लेख केला असून, वादन मध्यरात्री व पहाटे होत असे, असे नमूद केले आहे.

मराठी राज्यात हा प्रघात रुजला. रायगडावरील राजसभेच्या प्रवेशद्वारीचा नगारखाना आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना त्याची साक्ष देतात. ‘साहेबनौबत’ हा सरदारांना मिळणारा मान होता. सनई-चौघड्याच्या जोडीने नौबत ‘झडू’ लागली आणि मराठीत या शब्दास वैभवाचे व मंगलाचे वलय लाभले.

हिंदीत मात्र ‘नौबत आना’ या प्रयोगाने मूळचा पाळीचा अर्थ जपला व त्यास अनिष्ट प्रसंगाची छटा दिली. पण मराठीतील ‘पाळी’चा प्रवास तरी कोणता? दळणाची पाळी, पाण्याची पाळी ही साधी क्रमवाचक. ‘भीक मागण्याची पाळी आली’ म्हणताच तीच संकटवाचक होते. म्हणजे दोन्ही भाषांनी एकच वाट चोखाळली. शब्द तेवढे निराळे. ‘नौबत येणे’ हा प्रयोग मराठीच्या प्रकृतीस परका नाही, हे यावरून दिसते.

आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८५४ साली ते राज्य खालसा झाले, १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले असता आपण मध्य प्रदेशात राहिलो. ही सीमा अलीकडची; शब्द तिच्याहून कित्येक पिढ्यांनी जुना आहे. त्यावर एका बाजूचाच हक्क सांगता येत नाही.

तेव्हा या प्रयोगाची लाज बाळगण्याचे कारण नाही. काळजी वाटावी ती दुसऱ्या अर्थाची. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या कानी संकटाची नौबत पडते. वाद्याची नौबत बहुधा पडत नाही. उद्या एखाद्या ऐतिहासिक कादंबरीत राज्याभिषेकप्रसंगी नौबत झडल्याचे वाचून त्यांनी ते अरिष्ट समजू नये, एवढ्यासाठी तरी ग्रंथालयातील मराठी कपाटे त्यांच्या हाती उघडली गेली पाहिजेत.