नागपाड्याची शाळा

विद्यापीठातील तरुण आणि गरिबांची वस्ती यांची गाठ घालण्याची कल्पना आजची नव्हे. 1884 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युअल बार्नेट या धर्मोपदेशकाने टॉयन्बी हॉल उघडला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तेथे वस्तीतच राहू लागले. ते पाहून गेलेल्या जेन ॲडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासह 1889 मध्ये शिकागोत हल हाऊस काढले. हे सर्व खरे; पण त्या वास्तव्याचा विद्यापीठाच्या परीक्षेशी काही संबंध नव्हता. पदवी एकीकडे आणि सेवा दुसरीकडे!

ही दुफळी सांधणारा एक प्रयोग आमच्या मुंबईत झाला, याचे आम्हांस विशेष वाटते. शिकागो विद्यापीठात शिकलेले डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे 1925 मध्ये येथे आले आणि कामगारांच्या दाट वस्तीत त्यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस चालविले. याच वास्तूत 1936 साली, टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने, ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. मॅन्शार्ट हेच त्याचे पहिले संचालक.

श्रोतेहो, नावाची लांबी सोडून द्या, रचना पाहा. येथे क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. रुग्णालयात खाटेपाशी उभे राहिल्यावाचून कोणी वैद्य होत नाही. मग चाळीचा जिना चढल्यावाचून समाजकार्याची पदवी का मिळावी? वर्गाच्या खिडकीतून दिसणारी गल्ली हाच धडा होता. 1947 मध्ये फाळणीचे लोंढे आले, तेव्हा येथील विद्यार्थी कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत कामास गेले. असली परीक्षा कोणत्या विद्यापीठाने योजली असती?

तथापि एक शंका आम्हांस सोडीत नाही. विद्यार्थी ठराविक मुदतीने पदवी घेऊन जातो. वस्ती तेथेच राहते. त्याच्या वहीत तिची दुःखे नीटनेटकी उतरतात, पण नळाला पाणी येतेच असे नाही. दरवर्षी नव्या चेहऱ्याला तीच हकिगत सांगणाऱ्या बाईने ‘मागच्या पोराचे काय झाले?’ असे विचारले, तर उत्तर संस्थेनेच द्यावयास हवे, विद्यार्थ्याने नव्हे. म्हणून नुसता अभ्यासक्रम पुरत नाही, वस्तीत पाय रोवून बसलेले नेबरहुड हाऊससारखे घरही लागते.

1944 मध्ये संस्थेस टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले आणि 1954 मध्ये ती देवनारला गेली. नागपाड्याची गल्ली खिडकीतून दिसेनाशी झाली. पण मुंबईची गरिबी पूर्वेकडे सरकत देवनार-गोवंडीलाच येऊन थडकली. 2011 साली, पंचाहत्तरीच्या निमित्ताने, संस्थेने याच एम पूर्व विभागाच्या सुधारणेचा प्रकल्प हाती घेतला आणि पाहणीसाठी विद्यार्थी पुन्हा घरोघर हिंडू लागले. या वेळी वस्ती फाटकाबाहेरच होती.