आवाज वाढवला, शब्द हरवले

सुरुवात शहापूर-मुरबाडच्या जुन्या घरांपासून करू. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंती, वर गवताचं नाहीतर कौलांचं छप्पर. गावाची बैठक बसायची अंगणात किंवा झाडाखाली. तिथे आवाज फार लांब जायचा नाही, पण जेवढा जायचा तेवढा स्पष्ट. कारण तो आपटून परत यायला समोर काही नव्हतं. पुढे सभागृहं आली. प्लास्टर, लादी, स्लॅब. आणि आवाज घुमायला लागला.

हे घुमणं पहिल्यांदा नीट मोजलं वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कोणाला कळेना. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि मोजत गेले. निष्कर्ष सोपा: खोली मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, मऊ वस्तू जास्त तितका लवकर विरतो.

आता आपलं गणित. २० मीटर लांब, १० रुंद, ५ उंच असं स्लॅबचं सभागृह धरा. रिकामं असताना आवाज साधारण पावणेसहा सेकंद घुमेल. दीडशे माणसं बसली की दीड सेकंदावर येईल, कारण माणूसही आवाज शोषतो. वीसच जण आले तर चार सेकंद! म्हणजे सभा जितकी ओस, तितकं ऐकू कमी.

मग आपण काय करतो? भोंगा मोठा करतो. पण त्याने शब्द वाढतो तसं घुमणंही वाढतं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० च्या दशकात वेगळी वाट धरली: उभे, स्तंभासारखे स्पीकर. त्यांचा आवाज छताकडे कमी आणि माणसांकडे जास्त जातो. मागचे स्पीकर किंचित उशिरा बोलतील अशी सोय केली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १७ मीटरवरच्या स्पीकरला सेकंदाचा विसावा भाग थांबवायचं, की बोल पुढूनच आल्यासारखा वाटतो.

आपल्याकडेही हेच: स्पीकर थोडे, माणसांजवळ, कानांच्या रोखाने, आवाज बेताचा. मागच्या भिंतीवर जाड पडदा किंवा गोधड्या.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथे ग्रामसभेला अधिकार दिले. ठराव वाचला गेला, हात वर झाले. पण शेवटच्या रांगेतल्या आजीला शब्दच कळले नसतील, तर तो हात कशासाठी वर गेला?