परवाना आणि पारख : मराठवाड्यातील शिकारीच्या अधिकाराचा प्रश्न

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली सर्वतोमुखी झाले, ते कुणबी दाखल्याच्या मागणीसाठी तेथे झालेल्या उपोषणामुळे. निजामी राजवटीतील नोंदी त्या निमित्ताने पुन्हा उलगडल्या गेल्या, आणि शासनाने दिलेला कागद मनुष्याविषयी नेमके काय सिद्ध करतो, या जुन्या प्रश्नाला नव्याने तोंड फुटले. याच प्रदेशात आणखी एका कागदाच्या बाबतीत तो प्रश्न उपस्थित होतो. तो कागद म्हणजे शिकारीचा परवाना. पाश्चात्त्य देशांत शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यापुढील वरच्या पायरीची प्रमाणपत्रेही मिळविता येतात. हा खटाटोप सार्थ आहे काय, याचा विचार करण्यापूर्वी आपल्याकडे शिकारीचे ज्ञान कोणाजवळ होते आणि अधिकार कोणाजवळ होता, हे पाहणे अगत्याचे आहे.

ज्ञान प्रामुख्याने पारध्यांजवळ होते. हरणांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तातीचे फास मांडावयाचे आणि शिकविलेल्या गुराच्या आडोशाने कळप हळूहळू तिकडे वळवावयाचा, ही फासेपारध्यांची रीत. चितेवाले पारधी चित्ते पकडून त्यांना शिकारीसाठी तयार करीत. कोल्हापूर दरबारात चित्त्यांकरवी शिकारीची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. ही विद्या लहानपणापासून घरच्यांबरोबर रानात फिरून मिळे. परंतु १८७१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढली, आणि ठिकठिकाणच्या पारध्यांची नोंद शासनदप्तरी झाली ती गुन्हेगार म्हणून. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शासनाने त्यांना दिलेला पहिला लेखी दाखला हजेरीचा होता, ही गोष्ट इतिहासकाराने दृष्टीआड करता कामा नये.

अधिकार मात्र दरबार आणि त्याचे पाहुणे यांच्याकडे होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या व्याघ्रशिकारी प्रसिद्ध आहेत. लॉर्ड कर्झन यांच्या हैदराबाद संस्थानातील शिकारीचे छायाचित्र राजा दीनदयाळ यांनी टिपले. त्या चित्रात वाघ आहे, लाटसाहेब आहेत. वाघाचा माग काढणारे कोण, हे मात्र त्यावरून कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा भेद नाहीसा व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणे असे परवान्यांचे चार प्रकार ठरविले. परवानेदाराने मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी, असेही बंधन घातले. याच कायद्याने माद्या, पिले आणि शिंगांवर मखमली आवरण असलेली हरणे मारण्यास मनाई केली. नियम उत्तमच होता. पण तो पाळण्यासाठी प्राण्याचे लिंग व वय दुरून ओळखता आले पाहिजे, आणि ते ओळखता येते किंवा नाही हे तपासणाऱ्या परीक्षेची तरतूद त्यात नव्हती. परवाना मागणाऱ्याची पारख गृहीत धरली गेली. फास व जाळी यांवर मात्र बंधने आली, म्हणजे ज्याची पारख निर्विवाद होती त्याचे साधनच निषिद्ध ठरले. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने ही परवानापद्धती संपुष्टात आली.

जर्मनीत १९३४ च्या कायद्यापासून शिकाऱ्याची परीक्षा देशभर आवश्यक झाली. प्राणिशास्त्र, शस्त्रे, कायदा, मांसाची शुद्धता असे विषय तीत असतात. ती कठीण आहे यात संशय नाही. पण शिकारीचा मक्ता घेणाऱ्यावरच वन्य प्राण्यांनी केलेल्या पिकांच्या नुकसानीची भरपाई बहुधा पडते, म्हणून तेथे त्या परिश्रमाला अर्थ आहे. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये सक्तीचे शिक्षण सुरू केले ते प्रामुख्याने अपघात टाळण्यासाठी. तोही हेतू स्पष्टच होता. हौसेने मिळविलेल्या वरच्या प्रमाणपत्रांना असे दायित्व जोडलेले नसते, आणि त्यांचे मोल भिंतीवर लावलेल्या शिंगांहून फारसे अधिक मानता येत नाही.

महाराष्ट्रात आज हौशी शिकारीला जागाच नाही. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीने, माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तेव्हाच प्राणी मारता येतो. रोही व रानडुक्कर यांच्या उपद्रवामुळे २०१५ मध्ये शासनाने ही वाट काहीशी सुलभ केली. गोदाकाठी उसाच्या फडात रात्री रानडुक्कर शिरले, तर गोळी झाडणाऱ्याला समोर पिलांसह मादी आहे की एकटा नर, हे उमगले पाहिजे. आणि हे कौशल्य परवानगीच्या कागदाबरोबर येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ २ नोव्हेंबर २०१८ रोजी वाघीण मारली गेली, ती नेमलेल्या शिकाऱ्याच्या नव्हे तर त्याच्या पुत्राच्या गोळीने. पुढे वाद माजला तो बव्हंशी अधिकार कोणाचा आणि कार्यपद्धती पाळली गेली काय, यावर. अशा नेमणुकांसाठी कठोर परीक्षा असावी, हे म्हणणे सयुक्तिक आहे. मात्र ती केवळ लेखी ठेवली, तर पारध्यांची मुले पुन्हा दाराबाहेर राहतील.

अकोला व वाशिम जिल्ह्यांत तणमोराचा शोध घेण्यासाठी आणि गवताळ रानांच्या राखणीसाठी फासेपारध्यांची मदत घेतली गेली आहे. तणमोर कोणत्या गवतात उतरतो, हे त्यांना आधीच ठाऊक होते.