खंडाचं भात आणि दहा जणांची समिती

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानमधली जवळपास ४६ टक्के शेती कुळांच्या कष्टावर चाले. भातशेतीचा खंड रोखीत नव्हे, तर धान्यात द्यावा लागे आणि पिकाचा जवळजवळ निम्मा वाटा त्यातच जाई. सैन्यातल्या पोरांपैकी कितीतरी अशाच घरांतली होती.

युद्ध हरल्यावर देश दोस्तांच्या ताब्यात गेला. ९ डिसेंबर १९४५ रोजी जनरल मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाने जपान सरकारला जमीन सुधारणेची योजना मागितली. पण हे सगळं अमेरिकेचं देणं मानणं अन्यायाचं ठरेल. कृषिमंत्री मात्सुमुरा केन्झो आणि अधिकारी वादा हिरोओ यांचं विधेयक त्याआधीच तयार होतं. संसदेत जमीनदारांचे पाठीराखे ते अडवू पाहत होते, तेव्हा हा आदेश कामी आला. तरीही तो पहिला कायदा फार मवाळ निघाला. ऑक्टोबर १९४६ च्या दुसऱ्या कायद्याने मात्र घाव नेमका मुळावर घातला.

गावात न राहणाऱ्या मालकाची कुळांकडची सगळी जमीन सरकारने विकत घ्यायची. गावातल्या मालकाने साधारण एक हेक्टर कुळाकडे ठेवायची, होक्काइदोत चार. मालकी २३ नोव्हेंबर १९४५ ची धरायची, म्हणजे नंतर घाईने केलेल्या वाटण्या आणि बदल्या निरुपयोगी.

खरी किमया गावोगावच्या समित्यांची. प्रत्येकीत निवडून आलेले दहा जण: पाच कुळं, तीन जमीनदार, दोन स्वतः कसणारे मालक. कोणतं शेत कोण कसतो, हे टोकियोतल्या कारकुनाला कळणं शक्य नव्हतं. शेजाऱ्याला ते पाठ होतं. काल ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्याच्याच समोर बसून त्याच्या जमिनीचा हिशेब मांडायचा. याला धैर्य लागतं, आणि हजारो गावांनी ते दाखवलं.

जमीनदारांना मोबदला मिळाला तो जुन्या दराने. महागाईत त्याची पार माती झाली. ते न्यायालयात गेले. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मोबदला योग्य ठरवला. डोंगरातल्या जंगलांना मात्र कायद्याने हात लावला नाही, आणि शेतं होती तेवढीच लहान राहिली. ही उणीव मोठीच. तरी १९५० पर्यंत कुळांकडची जमीन दहा टक्क्यांच्या आसपास आली.

या आखणीत मॅकआर्थर यांचे सल्लागार होते युक्रेनमध्ये जन्मलेले वुल्फ लादेजिन्स्की. पुढे ते भारतात आले. १९७२-७३ च्या दुष्काळातल्या महाराष्ट्रावर त्यांनी लिहिलेला लेख फेब्रुवारी १९७३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला.